गाठ काढली, पण भोकाचं काय?

मेंदूचं ऑपरेशन म्हटलं की नातेवाईकांचे प्रश्न ठरलेले असतात. गाठ साधी की कॅन्सरची, पूर्ण निघणार का, डोक्याचे केस काढणार का, किती तास लागतील, किती लाख लागतील. आत्याच्या वेळी पण हेच चाललं होतं, केबिनमध्ये बाबा, मी, आतेभाऊ आणि फोनच्या स्पीकरवर अर्धी सांगली. डॉक्टर सगळ्यांना शांतपणे उत्तरं देत होते. मग आत्याचे यजमान, आमचे काका, जे तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते ते म्हणाले, "गाठ तुम्ही काढाल हो, त्याची मला काळजी नाही. पण नाकातून वर जायचं म्हणजे मधलं हाड फोडणार. वर पाणी आहे म्हणता. मग ते भोक बुजवणार कशानं?"

काका पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, ओव्हरसियर होते, आयुष्य स्लॅब आणि मोऱ्या बघण्यात गेलं. डॉक्टरांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि म्हणाले, काका, हे फार कोणी विचारत नाही, आणि आदल्या रात्री माझ्या डोक्यात मात्र हेच असतं.

तेव्हापासून मी या बुजवण्याच्या मागे लागले आणि जे वाचलं, विचारलं, बघितलं ते इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, अकाउंट्समधली बाई आहे, पण रीकन्सिलिएशन, म्हणजे दोन्हीकडचे हिशेब जुळवणं, आवडणाऱ्या माणसाला हा विषय आवडणारच.

आधी जागा समजून घ्या. कवटी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वरचा घुमट येतो, पण तिला तळ पण असतो आणि सगळ्या अडचणी त्या तळात आहेत. नाकाचं छप्पर म्हणजेच मेंदूची जमीन. वासाच्या नसा जिथून खाली नाकात येतात तिथे तर त्या हाडाला मुळातच बारीक बारीक भोकं असतात आणि ते हाड कागदासारखं पातळ असतं. थोडं मागे पिट्युटरी ग्रंथीची खोबण, तिच्या खाली एक रिकामं सायनस, दोन्ही बाजूला मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या, वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना क्रॉस करतात ती जागा. आत्याची गाठ बरोब्बर तिथे, पिट्युटरीच्या जरा पुढे, डोळ्यांच्या नसांच्या खाली. मेनिंजिओमा. म्हणजे मेंदूच्या आवरणातून उगवलेली, बहुतेक वेळा साधी असणारी, पण सावकाश दाबत बसणारी. त्यामुळे आत्याला समोरचं नीट दिसायचं आणि दोन्ही बाजूंचं दिसायचं नाही, कोपराने चहाचा कप पाडणं, दाराच्या चौकटीला खांदा लागणं, स्कूटीवरून बाजूने आलेला माणूस एकदम समोर उगवणं, आणि घरात सगळे म्हणायचे की वेंधळी झालीय वयानुसार. चष्म्याचा नंबर बदलून झाला, मग एका डोळ्याच्या डॉक्टरांनी नजरेच्या क्षेत्राची तपासणी केली, आलेख बघितला आणि थेट एमआरआय करायला पाठवलं.

आता पाणी. मेंदू पाण्यात असतो, सीएसएफ म्हणतात त्याला. एका वेळी साधारण १५० मिली, पण शरीर दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवीन तयार करतं, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळं बदलून होतं. त्यामुळे गळून गळून किती गळणार असं म्हणायची सोय नाही, वरून पुरवठा चालूच आहे. आणि खाली नाक, जिथे जंतूंचा कायमचा मुक्काम. पाणी खाली येऊ शकतं तिथून जंतू वर जाऊ शकतात, मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग, होतो, हवा वर गेली तर ती मेंदूभोवती साठते. गाठ शंभर टक्के निघाली आणि भोक गळत राहिलं तर ऑपरेशन फसलं असंच म्हणायचं.

काकांनी तिथल्या तिथे निकाल दिला की गच्चीचं लीकेज खालून पुट्टी मारून थांबत नसतं, वरून वॉटरप्रूफिंग लागतं. डॉक्टर म्हणाले अगदी तेच, म्हणून पहिला थर आम्ही भोकातून आत सरकवून त्याच्या वरच्या बाजूला पसरवतो, म्हणजे पाण्याच्या दाबानेच तो कडांवर बसतो. हा थर मांडीतून घेतात, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर जो चिवट पांढरा पट्टा असतो, फॅशिया लाटा, त्याचा तुकडा. काही ठिकाणी कोलॅजनचं तयार शीट वापरतात. पोकळी मोठी असेल तर पोटाची थोडी चरबी भरतात. मग त्यावर अजून एक थर बाहेरून. मग नाकातलाच जिवंत पडदा, त्यावर पुढे येतेच. मग टिश्यू ग्लू, मग विरघळणारा स्पंज, आणि सगळ्याला खालून टेका म्हणून नाकात पॅक किंवा फुगा. फुगा म्हणजे काय तर फोली कॅथेटर, हो तोच, लघवीचा. हे ऐकून काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नवीन आहे हो पाकिटातला, असं डॉक्टरांना सांगावं लागलं.

हाड परत बसवत नाहीत का, हा माझा प्रश्न. बहुतेक वेळा गरज नसते म्हणे, एवढ्या भोकातून मेंदू खाली येत नाही, थर जुळून घट्ट व्रण तयार झाला की तो पुरतो. मला हे पचायला वेळ लागला.

मांडीच्या पट्ट्याची गोष्ट जुनी आहे. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी डोकं उघडून अशी गळती याच फॅशिया लाटाने बंद केली होती. जवळपास शंभर वर्षं झाली, दुर्बिणी बदलल्या, रोबोट आले, आणि आत्याच्या मांडीला तोच छेद. गंमत म्हणजे ऑपरेशननंतर आत्याची पहिली तक्रार डोक्याची नव्हतीच, मांडी दुखतेय म्हणून होती. मेंदूला हात लावलाय हे तिला कोणी सांगूनही पटेना.

नाकाचा रस्ता पण काही काल-परवाचा नाही. १९०७ मध्ये ऑस्ट्रियात इन्सब्रुकला हर्मन श्लोफर यांनी या वाटेने पिट्युटरीची गाठ पहिल्यांदा काढली, पण नाक बाहेरून कापून बाजूला वळवून. मग व्हिएन्नात ऑस्कर हिर्श नाकपुडीतून जायला लागले, अमेरिकेत हार्वे कुशिंग वरच्या ओठाखालून. कुशिंग म्हणजे न्यूरोसर्जरीतलं सगळ्यात मोठं नाव, त्यांनी शेकड्यांनी अशी ऑपरेशनं केली आणि नंतर स्वतःच हा रस्ता सोडून दिला, डोकं वरून उघडून करायला लागले. उजेड नाही, नीट दिसत नाही, अँटिबायोटिक्सचा पत्ता नाही. मोठ्या माणसानं सोडलं की बाकीचे सोडतातच. टिकलं कसं, तर एडिंबराचे नॉर्मन डॉट कुशिंगकडून शिकून आले होते, ते गपचूप करत राहिले. त्यांच्याकडून पॅरिसचे जेरार गिओ शिकले, त्यांच्याकडून माँट्रियलचे ज्यूल हार्डी, आणि हार्डींनी साठच्या दशकात त्यात मायक्रोस्कोप आणला. एकेका माणसाच्या हातावर तगलेली विद्या आहे ही, मधला एक जरी निरुत्साही निघाला असता तरी आत्याचं डोकं वरून उघडलं असतं.

नव्वदच्या दशकात एंडोस्कोप, म्हणजे नाकातून आत घालायची बारीक दुर्बीण, आला, अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मंडळींनी त्यात आघाडी घेतली, न्यूरोसर्जन आणि नाक-कान-घशाचे सर्जन एकत्र उभे राहायला लागले, दोन नाकपुड्या, चार हात. हळूहळू पिट्युटरीच्या पलीकडच्या गाठी पण नाकातून काढायला लागले. आणि इथे खरी गोची झाली. काढण्याची कला पुढे पळाली, बुजवण्याची मागे राहिली. पिट्युटरीच्या साध्या ऑपरेशनला भोक छोटं असतं आणि पुष्कळदा पाण्याची पिशवी फुटतच नाही. आत्यासारख्या गाठीत हाड काढायचं, त्यावरचं आवरण गाठीसकट काढायचं, आतली पातळ पिशवी उघडायची, म्हणजे नाक आणि पाण्याचं तळं यांच्यात काहीच उरत नाही. अशा मोठ्या भोकांना चरबी आणि पट्टे लावून बघितले तर पाचात एकाहून जास्त पेशंटना गळती व्हायची. एवढ्या गळतीवर हे सगळं तंत्रच गुंडाळून ठेवावं लागलं असतं.

उत्तर आलं अर्जेंटिनातून, रोसारिओ शहरातून. गुस्तावो हदाद आणि लुईस बासागास्तेगी. त्यांचा फ्लॅप, म्हणजे मघाचा तो नाकातला जिवंत पडदा, २००६ मध्ये पिट्सबर्गच्या सर्जन्ससोबत प्रसिद्ध झाला आणि त्या पहिल्या पेशंट्समध्ये गळती पाच टक्क्यांच्या आसपास आली. कल्पना ऐकली तर वाटतं एवढंच होय. नाकाच्या मधल्या पडद्यावर जे गुलाबी अस्तर असतं ते एका बाजूचं लांबच्या लांब सोलून काढायचं, पण सगळं नाही काढायचं, मागच्या बाजूला एक अरुंद देठ ठेवायचा ज्यातून एक बारीकशी धमनी येते, नाकाच्या स्फेनोपॅलाटाइन धमनीची फांदी. मग ते अस्तर त्या देठावर फिरवून वर भोकावर नेऊन पसरवायचं. चरबी किंवा मांडीचा पट्टा हा मेलेला तुकडा, त्याला आजूबाजूने रक्त मिळेपर्यंत वाट बघावी लागते. हा फ्लॅप स्वतःचं रक्त घेऊन येतो, त्यामुळे लवकर चिकटतो आणि पुढे रेडिएशन द्यावं लागलं तरी बऱ्यापैकी टिकाव धरतो.

यात बारकावे भरपूर. फ्लॅप ऑपरेशनच्या सुरुवातीलाच उचलून ठेवावा लागतो, कारण हाड फोडताना ती धमनीच तुटली तर गेलं सगळं. उचललेला फ्लॅप नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या जागेत दडवून ठेवतात. अस्तराचा वरचा सेंटिमीटरभर पट्टा शक्यतो तसाच सोडतात कारण वासाच्या नसा तिथे असतात. भोकाभोवतीच्या हाडावरचं जुनं अस्तर खरवडून हाड उघडं करावं लागतं, त्याशिवाय फ्लॅप धरत नाही, आणि जुनं अस्तर खाली अडकलं तर त्यात शेंबूड साठून गाठोडं होतं. आणि फ्लॅप उलटा लावायचा नाही. शेंबूड तयार करणारी बाजू नाकाकडेच पाहिजे. हे हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टर म्हणाले की आत ते ओलं, सुरकुतलेलं, रक्ताळलेलं असतं तेव्हा कुठली बाजू कुठली हे नीट बघूनच घ्यावं लागतं.

देठावर फिरवलेली चामडी म्हटल्यावर मला आमचं पुणंच आठवलं, कारण कपाळाच्या कातडीची अशी कृती इंग्रजांना माहीत झाली ती इथून. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करायची कृती आहे हे सगळे अभिमानाने सांगतात, पण मला त्याहून जवळची वाटते ती कावसजीची गोष्ट. लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आलं. हा कावसजी, नाव पारशी वाटतं पण पत्रात त्याला मराठा शेतकरी म्हटलंय, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा, १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती लागला आणि त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर बिनानाकाचा राहिल्यावर पुण्याजवळ एका विटा करणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याला नवीन नाक करून दिलं आणि मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज सर्जननी ते बघितलं. मेणाचं नाक करून बघायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, कडेने रेघ मारून तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधला देठ तसाच ठेवायचा, कातडी फिरवून खाली आणायची. चिकटवायला काय, तर कात भिजवून कापडाच्या पट्ट्यांना फासलेला, एकावर एक पाच-सहा पट्ट्या. आपला टिश्यू ग्लूच की तो. देठ पंचविसाव्या दिवसाच्या आसपास कापायचा. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी यावरून १८१४ मध्ये तिकडे पहिलं ऑपरेशन केलं आणि पुढे त्यावर पुस्तक काढलं. पेशंटचं नाव राहिलं, सर्जन्सची नावं राहिली, पत्र छापणाऱ्या मासिकाचं नाव राहिलं, ज्याने नाक केलं त्याचं नाव पत्रात नाही. मला याचा दरवेळी राग येतो.

फरक एवढाच की कपाळाच्या फ्लॅपचा देठ नंतर कापतात. आत्याच्या नाकातला देठ कधीच कापणार नाहीत, तो आता कायमचा.

डिस्चार्जच्या आधी आत्याच्या कमरेत ड्रेन होता, मणक्यातून पाणी थोडं थोडं बाहेर काढायचा, म्हणजे फ्लॅपवर आतून दाब येत नाही. तासाला मोजून दहा मिली. पलंग वरखाली करायच्या आधी ड्रेन बंद करायचा, कारण जास्त पाणी गेलं तर हवा आत ओढली जाते, आणि सिस्टर आम्हाला पलंगाच्या हँडलला हात लावू देत नव्हत्या ते बरोबरच होतं. हा ड्रेन लावावा की नाही यावर सर्जन लोकांत बरीच वर्षं वाद होता. मग पिट्सबर्गमध्येच चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत तशी ट्रायल झाली, मोठी भोकं असलेले १७० पेशंट, २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ड्रेन असलेल्यांत गळती ८.२ टक्के, नसलेल्यांत २१.२. फ्लॅप वापरूनही भोक मोठं असेल तर आकडा असा वर जातो, हे मला त्या पाच टक्क्यांच्या आनंदानंतर जरा थंड पाणी पडल्यासारखं होतं.

घरी आल्यावर खरा कारभार सुरू झाला. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, दाबायची नाही. वाकायचं नाही. जोर करायचा नाही म्हणून रात्री लॅक्ट्युलोजचं सिरप, आणि भारतीय संडासाऐवजी कमोडची खुर्ची. उशीकडची बाजू उंच. कळशी, बादली, नातू काहीही उचलायचं नाही. सांगलीत ते एप्रिलचे दिवस, म्हणजे चटणीचे दिवस, घरोघरी मिरच्या भाजायच्या आणि डंकावर कांडून आणायच्या. गल्लीत एका घरात मिरची भाजली की चार घरं खोकतात. काका स्वतः दारोदार फिरून सांगून आले की आमच्याकडे शिंक परवडणार नाही, आणि गल्लीतल्या बायकांनी खरंच मिरच्या माहेरी, शेतावर, कुठे कुठे नेऊन भाजल्या. आमच्या स्वयंपाकघरात फोडणी बंद, वरण वरून साजूक तूप घालून. भेटायला येणारे आणि वाकून नमस्कार करणारे ठीक होते, पण आत्यालाच थोरल्या जावेच्या पाया पडायची सवय, ती वाकायला लागली की सगळे एकदम ओरडायचे.

आणि रोजचा प्रश्न, घशात खारट पाणी उतरतंय का. खारट किंवा लोखंडासारखी चव, एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकणं, बसल्यावर डोकं दुखून आडवं झाल्यावर थांबणं, ताप, मान आखडणं, यातलं काहीही झालं की फोन. एकदा टपकलं. काकांनी रात्रीच गाडी काढायची तयारी केली, डॉक्टरांनी सांगितलं बाटलीत जमा करून आणा. बीटा-२ ट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन तपासतात, ते नाकाच्या साध्या पाण्यात नसतं. निगेटिव्ह आलं. धुतलेल्या नाकाचंच उरलेलं पाणी होतं ते, सलाइनचं.

खपल्यांचा त्रास मात्र कोणी आधी नीट सांगत नाही. जिथून फ्लॅप उचलला ती पडद्याची बाजू उघडी पडते, तिथे नवीन अस्तर यायला दोन-तीन महिने जातात, तोवर खपल्या, वास, नाक बंद. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर उकळून गार केलेल्या पाण्याच्या सलाइनने नाक धुवायचं, आत्याने काकांचं जलनेतीचं भांडं ताब्यात घेतलं ते आजपर्यंत दिलेलं नाही. वास बराचसा परत आलाय, कोथिंबिरीचा येतो, कापराचा येतो, चहाचा नाही येत म्हणते, पण चहा तिला आधीपासून आवडत नाही त्यामुळे नक्की सांगता येत नाही. बाजूची नजर पुष्कळ सुधारली.

हा फ्लॅप सगळ्यांना मिळतो असं नाही. आधी नाकाचं मोठं ऑपरेशन झालं असेल, गाठच पडद्यात शिरली असेल, तर ते अस्तर वापरता येत नाही. मग कपाळाच्या कातडीखालचं, कवटीवरचं आवरण खाली वळवतात, किंवा कानशिलाकडून पडदा आणतात. मुंबईत तेव्हा केईएम हॉस्पिटलमध्ये असलेले डॉ. अतुल गोयल यांनी नव्वदच्या दशकात कानशिलाचा स्नायू असा रक्तपुरवठ्यासकट वापरण्यावर पेपर लिहिलेत, म्हणजे अर्जेंटिनाच्या फ्लॅपच्या आधी. कॅन्सरसाठी डोळा, गाल, टाळू सगळं काढावं लागलं तर मांडीचं किंवा हाताचं मांस सोडवून त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. आपल्याकडे तंबाखूने तोंडाच्या कॅन्सरची इतकी ऑपरेशनं होतात की 'मांडीचं मांस लावलंय' हे वाक्य गावागावात माहीत आहे, फक्त तेच तंत्र मेंदूच्या तळालाही लावतात हे नसतं माहीत.

परवाच्या एमआरआयला काकांनी रिपोर्ट वाचला नाही, स्क्रीनच दाखवा म्हणाले. कॉन्ट्रास्ट दिल्यावर फ्लॅप पांढरा उजळून दिसतो, रक्त पोचतंय म्हणून, एक वाकडी जाडसर रेघ. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवली. काकांनी जाडी विचारली.

हे सगळं मी ऑफिसमध्ये डब्याच्या वेळी सांगत होते तर एक सहकारी एकदम गप्प झाली. तिच्या आईला कित्येक महिने उजव्या नाकपुडीतून पाणी येतंय, सकाळी देवपूजेला वाकल्या की पटकन टपकतं, ॲलर्जी म्हणून गोळ्या चालू आहेत. गाठ नाही, मार नाही, ऑपरेशन नाही. असं आपोआप पण होतं म्हणे, जास्त करून वजन असलेल्या मध्यमवयीन बायकांना, मेंदूतल्या पाण्याचा दाब वाढून तळाचं पातळ हाड झिजतं आणि गळायला लागतं, आणि ते बुजवायचं तंत्र जवळपास हेच. तिला म्हटलं, स्वच्छ छोट्या बाटलीत जमव आणि ईएनटीवाल्यांना बीटा-२ चं नाव घेऊन विचार. आमच्याकडची लॅब सॅम्पल मुंबईला पाठवते, त्यामुळे वेळ लागतोय, शुक्रवारपर्यंत येईल म्हणालेत.